शेतातल्या आखाड्यावर घरची गाडी बांधायची असेल तर

ब्रिटनमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन नावाची गाडी आली. ती सुट्या भागांत विकत घ्यायची, घरी जोडायची आणि तयार गाडीवरचा कर वाचवायचा. किट कार म्हणतात ती ही. आपल्याकडं असा खोक्यात भरलेला संच दुकानात मिळत नाही. त्यामुळं परभणी-हिंगोलीकडचा कुणी ‘घरी गाडी बांधतोय’ म्हणाला की समजायचं, त्यानं एखादी म्हातारी मारुती ८०० आणलीय. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, चाकं काढून तो पाईपच्या नव्या सांगाड्यावर बसवणार आहे. आम्ही घरच्यांनी मिळून हेच केलं: वडील, धाकटा भाऊ, बायको, दोन्ही लेकरं आणि मी. गाडी आता शेतात खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या वाहते. सुरुवात करणाऱ्यांना व्हिडिओत जे कुणी सांगत नाही, ते इथं क्रमानं लिहितो.

१. गाडी कुठं चालणार, हे आधी ठरवा

ती रस्त्यावर चालणार नाही. हे घरात सगळ्यांना, विशेषतः मेव्हण्याला, पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणं नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणी हवी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली नमुन्याची चाचणी लागते. ती पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहनं तपासणाऱ्या संस्थांत होते. ही सगळी व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. घरच्या एका गाडीसाठी तो खर्च कुणालाच परवडणार नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नंबर देतात, आपल्याकडं तशी वाट नाही.

‘मग जुनीच आरसी वापरू, गाडी तीच आहे की,’ असं सुचवणारा शहाणा प्रत्येक गावात असतो. कलम ५२ त्याच्या आड येतं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा सापळा पाणंदीचा. पाणंद, शिवरस्ता हे आपल्याला घरचेच वाटतात, पण लोकांना जायचा-यायचा हक्क आहे अशी वाट कायद्यानं सार्वजनिकच. तुमच्या दोन गटांच्या मधून रस्ता जात असेल तर गाडी पिकअपमध्ये चढवून पलीकडं न्या. आणि पोरानं हौसेनं ती रस्त्यावर काढली, तर कलम १९९ अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून केलेली किकवर चालू होणारी छोटी जीप आठवत असेल. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक करतानाच लिहिलं होतं की नियमात बसत नसल्यानं ती आज ना उद्या अडवली जाईल. म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. आपल्याला कुणी बोलेरो देणार नाही, तेव्हा गाडी धुऱ्याच्या आत ठेवा.

२. जुनी गाडी आणि तिचे कागद

मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ती बनत होती, त्यामुळं सुटे भाग तालुक्याच्या गावालाही मिळतात आणि कुठल्याही मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, अख्ख्या गाडीचं वजन साधारण ६५० किलो. पहिल्यांदाच करत असाल तर कार्बोरेटरवालीच शोधा. एमपीएफआय गाडी चांगली, पण तिच्यात कॉम्प्युटर आणि सेन्सर असतात. एखादी वायर चुकली की इंजिन गप्प, आणि कारण शोधायला शहर गाठावं लागतं.

ओम्नी घ्या असं काही जण सांगतील. तिची ताकद मागच्या चाकांना जाते हे खरं, पण सीटखाली इंजिन आणि मधून जाणारा लांब शाफ्ट यांभोवती सांगाडा आखणं नवख्याला जड जातं.

पत्रा सडलेला असेल तर भाव पाडून घ्या, पत्रा आपल्याला नकोच आहे. पुढून ठोकलेली गाडी मात्र फुकट मिळाली तरी नको. वाकलेला आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) तुमच्या नव्या सांगाड्यावर येऊन बसतो आणि गाडी जन्मभर एका बाजूला ओढते.

कागद हे बघा:

- मूळ आरसी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर बोट ठेवून स्वतः जुळवा.
- नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.
- कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र.
- थकलेली ई-चलनं आणि कर भरल्याच्या पावत्या.
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि स्टँप पेपरवर विक्रीचा करार.

गाडी नावावर झाली की ती उघडण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करायला द्या. गाडी कायमची वापराबाहेर गेली तर मालकानं १४ दिवसांत कळवावं, असं कलम ५५ सांगतं. चेसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा भंगारात घालू नका, तो मागितला जातो. रद्द झाल्याचा कागद लॅमिनेट करून घरात ठेवा.

‘कागदाचं काय करता, शेतातच तर फिरवायची,’ असं म्हणणाऱ्या भंगारवाल्याकडून काहीच घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन आखाड्यावर सापडलं तर पुढची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

३. जागा, लाइट आणि आग

दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकली की सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंगचं जाकीट घालून बसवत नाही.

गाडीच्या दुप्पट लांब-रुंद अशी सपाट कोब्याची जागा हवी. मातीच्या जमिनीवर मापं जुळत नाहीत. गोठ्यात कोबा नसेल तर पहिला खर्च तोच.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. तिच्या भरवशावर राहू नका, सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्या. शेजारच्यांच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज पडतं आणि वेल्ड वरवर बसतो. अशा वेळी कापायची, घासायची कामं करा आणि वेल्डिंग दुसऱ्या वेळेला ठेवा.

कडब्याची गंजी, सोयाबीनचं भुसकट, कापूस यांपासून लांब बसा. ग्राइंडरची ठिणगी दूर उडते आणि भुसकटात आतल्या आत धुमसत राहते. काम थांबवल्यावरही कुणीतरी तासभर तिथं थांबलं पाहिजे. आमच्याकडं ही राखण वडिलांची. वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका.

४. हत्यारं

- इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ६०१३ चे २.५ मिमी रॉड
- चार इंची ग्राइंडर, शक्यतो दोन: एकाला कटिंग व्हील, एकाला ग्राइंडिंग
- ड्रिल मशीन, सेंटर पंच
- गोटी पाना संच, टॉर्क पाना
- दोन जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड)
- गवंड्याचा ओळंबा, गुण्या, लेव्हल ट्यूब, सुतळी
- दहा-अकरा नंबरच्या काचेचे वेल्डिंग मास्क, घरात जेवढी माणसं तेवढे

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि लेकरू रात्रभर रडतं. मास्क नाही त्यानं शेडमध्ये यायचं नाही, हा नियम पाहुण्यांनाही लावा.

खर्च धरताना रॉड, व्हील, नटबोल्ट यांचा वेगळा रकाना करा. इंजिनाचा भाव सगळे विचारतात. पैसे संपतात ते या चिल्लर वस्तूंत. आमचा हिशेब बायकोकडं होता, आणि भावाला नवीन व्हील हवं असेल तर झिजलेलं दाखवावं लागे.

५. उघडण्याआधी मापं

सगळ्या कामात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक हाच गाळतात. ८०० ला वेगळी चेसिस नसते; पत्र्याची बॉडीच सगळं पेलते. बॉडी कापली की कुठला बोल्ट कुठं होता हे सांगणारं काहीच उरत नाही. तेव्हा ती शाबूत असतानाच मापं जमिनीवर उतरवून घ्यायची.

गाडी कोब्यावर उभी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा. लेव्हल ट्यूबनं चारही चाकांखालची पातळी बघा आणि कमी असेल तिथं पत्र्याचे तुकडे सरकवा. मग ओळंबा घ्या. पुढच्या खालच्या आर्मचे बोल्ट, स्ट्रटचं (पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं) वरचं टोक, स्टिअरिंग रॅकचे क्लॅम्प, इंजिनाची माउंटिंग, मागच्या अ‍ॅक्सलच्या पकडी: अशा प्रत्येक बिंदूच्या मध्यातून ओळंबा खाली सोडायचा. पंखा बंद करायचा. टोक हलायचं थांबलं की त्याच्याखाली सेंटर पंचानं टिंब मारायचं, भोवती ऑइल पेंटनं गोल काढायचा आणि नंबर घालायचा. जमिनीपासून त्या बिंदूची उंची वहीत, त्याच नंबरापुढं. खडूवर विसंबू नका, झाडू फिरला की गेला.

ओळंबा एकानं धरायचा, टिंब दुसऱ्यानं मारायचं, तिसऱ्यानं लिहायचं. आमच्यात लिहायचं काम थोरल्या मुलीचं होतं आणि ती आकडा उलट वाचून दाखवल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हती. असा एक माणूस घरात असतोच, वही त्याच्याच हातात द्या.

आता पडताळा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी २,१७५ मिमी भरलं पाहिजे. डाव्या-उजव्या जोड्यांचे मध्य काढून सुतळी ताणा, ती सरळ आली पाहिजे. मग कर्ण मोजा: पुढचा डावा ते मागचा उजवा, आणि उलट. दोन कर्णांत पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक आला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. डावी-उजवीची सरासरी धरून बिंदू नव्यानं आखा. घराचा पाया आखताना गवंडी ३-४-५ फुटांनी काटकोन तपासतो, तीच रीत इथं चालते.

हे झाल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका. उघडताना प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवा किंवा नाव लिहिलेल्या पिशवीत घाला.

६. सांगाडा

पाईप कुठला? इंजिनिअरिंगची पोरं स्वतः गाडी बांधून उतरतात त्या बाहा स्पर्धेत मुख्य पाईपसाठी साधारण २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन अशी अट असते. ती गाडी एका माणसाची आणि लहान इंजिनाची. आपली त्याहून जड आणि माणसं जास्त, म्हणून मुख्य सांगाडा आणि डोक्यावरची कमान यांसाठी ३८-४० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा सीमलेस पाईप धरा. जालन्याच्या गिरण्या सळईसाठी नावाजलेल्या आहेत, पण आपल्याला सळई नको. पाईप शहरातल्या पाईपच्या व्यापाऱ्याकडून बिलासह घ्या आणि जाडी दुकानातच व्हर्नियरनं मोजा.

दोन पाईप मुळीच वापरायचे नाहीत. एक, फर्निचरचा पातळ चौकोनी पाईप. तो सीटच्या चौकटीपुरता ठीक. दुसरा, बोअरमधून काढलेला जुना जीआय पाईप. प्रत्येक आखाड्यावर तो पडलेला असतो आणि ‘एवढा जाड पाईप आहे की’ म्हणून वडीलधारी मंडळी तोच पुढं करतात. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि वेल्डही भोकाभोकाचा बसतो.

पाईप पाईपला मिळतो तिथं टोकाला अर्धगोल खाच हवी, फट राहता कामा नये. कागदाचा साचा पाईपभोवती गुंडाळून रेघ मारा, ग्राइंडरनं कापा, कानशीनं बसवा. वाकवायचे पाईप बेंडर असलेल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून आणा. घरी तापवून वाकवलेला पाईप आतून चेपतो, आणि कमानीत चेपलेला पाईप म्हणजे गाडी उलटली की तिथंच मोडणार.

आधी सगळा सांगाडा जमिनीवरच्या टिंबांवर फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून उभा करा. प्रत्येक सांध्याला चार टाके. मग ओळंबा, मग कर्ण. जुळलं की वेल्डिंग, तेही एका टोकाकडून सलग करायचं नाही. थोडं पुढं उजवीकडं, थोडं मागं डावीकडं, असं फिरत राहा. एकाच जागी तापलेला सांगाडा गार होताना ओढला जातो आणि कर्ण बिघडतात.

तरी माझं स्पष्ट मत: टाके घरचे, पण कमान, सीट बेल्टच्या पकडी, आर्म आणि स्टिअरिंगच्या पकडी यांचं शेवटचं वेल्डिंग कारखान्यात रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या. वाळूज, चिकलठाण्याला कामाला असलेला एखादा पाहुणा सगळ्यांनाच असतो. आमच्या वडिलांनी आयुष्यभर कोळपी, वखरं जोडली. त्यांनीच सांगितलं, ‘हे माझं काम नाही, माणूस बोलव.’

कमान सीटच्या मागं, आणि घरातला सगळ्यात उंच माणूस हेल्मेट घालून बसला तरी त्याच्या वर चार बोटं उरतील इतकी. मागं तिला दोन तिरके आधार द्या.

७. इंजिन, पाणी, पेट्रोल

इंजिन-गिअरबॉक्स जसा होता तसाच, आडवा आणि पुढं, मूळ रबरी माउंटिंगसकट बसवा. इंजिन मागं न्यायचा मोह होतो, व्हिडिओ तसेच असतात. गिअरचे दांडे आणि रेडिएटरच्या नळ्या उलट दिशेला ओढायच्या म्हणजे दुप्पट काम. पहिल्या गाडीत ते नको.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार एवढे की घागरीला पांढरा थर बसतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तेच होतं आणि मेमध्ये इंजिन तापतं. तयार कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेलं.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. नवी नळी घेताना इथेनॉलला चालणारी आहे का, हे विचारून घ्या. टाकी मूळचीच वापरा, माणसं आणि टाकी यांच्यामध्ये लोखंडी पत्र्याची भिंत हवी. टाकीला काही जोडायचं असेल तर पट्ट्यांनी आवळा. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग कधीच नाही. आत वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट पेटते.

८. ब्रेक

पत्रा, काचा, दारं गेल्यावर गाडी बरीच हलकी होते, आणि मागून जास्तच. त्यामुळं ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. मूळ व्यवस्था पूर्ण ठेवा: मास्टर सिलिंडर, मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही. मागं सामानाची चौकट ठेवलीत तर वजन थोडं परत येतं.

नळ्या नव्या, होज नवे, व्हील सिलिंडरचे किट नवे. इथं जुनं काहीच नको.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं हे घरच्यांनी मिळून करायचं काम. लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरू करा. चाकाजवळच्या निपलला (हवा सोडायच्या तोटीला) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलवर धाकटा भाऊ. ‘दाब!’ तो दाबतो. ‘धर!’ निपल पाव आटा उघडायचा, नळीतून बुडबुडे जातात. निपल बंद. मगच ‘सोड!’ निपल उघडा असताना पाय सोडला की हवा परत आत, म्हणून ओरडणारा एकच माणूस ठेवा. मास्टर सिलिंडरची बाटली कोरडी पडू न देणं ही आणखी एकाची जबाबदारी. पेडल दगडासारखं लागेपर्यंत हे चालू. हँडब्रेकही जोडा, आपल्या रानाला उतार नाही असं वाटतं, विहिरीजवळ उभी केली की उतार दिसतो.

९. वायरिंग

वायर कापू नका, जुना हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) अख्खा काढा. प्रत्येक टोकाला कागदी पट्टी, तिच्यावर नाव. सांगाड्यावर वेल्डिंग करायचं असेल तेव्हा बॅटरी काढून ठेवायची. इंजिनापासून सांगाड्याला जाड अर्थ वायर द्या, नाहीतर स्टार्टर नुसता टकटक करतो. बाहेरून हात पोचेल असा मेन स्विच लावा.

१०. सीट आणि पट्टे

सीट आणि पट्टे मूळ गाडीचेच, त्यांच्या मूळ बोल्टांसकट. पट्टा सीटच्या चौकटीला अडकवायचा नाही, मुख्य सांगाड्याला. जेवढे पट्टे तेवढीच माणसं. मागच्या चौकटीवर उभं राहून मजुरांना बांधापर्यंत सोडायची मागणी पहिल्याच आठवड्यात येईल, तेव्हा नाही म्हणा.

११. पहिली फेरी

इंजिन चालू झालं की सगळं गाव जमतं आणि लगेच चालवून दाखवायचा आग्रह होतो. गर्दी असताना चालवू नका. आधी घोड्यांवर चाकं उचलून गिअर टाकून बघा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठं घासतो का बघा. मग ढकलत नेऊन ब्रेक.

जागा मुरमाड, बरड निवडा. रब्बी काढल्यावर काळ्या रानात उन्हानं भेगा पडतात, त्यात ८०० चं बारा इंची चाक अडकून गाडी कोलमडू शकते. पावसाळ्यात तर त्या मातीत जाऊच नका. हेल्मेट, पट्टा, एकच माणूस, दुसरा गिअर, आणि २० च्या वेगावर सरळ ब्रेक. मागची चाकं आधी घसरली तर मागं वजन टाकून पुन्हा बघा. तरीही घसरत असतील तर मिस्त्रीकडून मागच्या ब्रेकचा दाब कमी करून घ्या, वेग मात्र वाढवू नका.

प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट, आर्मचे बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे टॉर्क पान्यानं तपासा. आर्म आणि स्टिअरिंगला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवेच, एकदा काढलेला पुन्हा लावायचा नाही.

रंग एवढ्यात देऊ नका. भगवा की निळा यावरून घरात भांडण चालू राहू दे. तोवर सांगाड्याला फिकट प्रायमर मारा आणि गाडीकडून महिनाभर काम करून घ्या. सांध्याला तडा गेला तर प्रायमरवर गंजाची बारीक लाल रेघ उमटते. तशी रेघ दिसली की तो सांधा पूर्ण घासून काढा, आतून पत्र्याचा तिकोनी आधार देऊन पुन्हा वेल्ड करून घ्या, आणि समोरच्या बाजूचा तोच सांधाही तपासा.